पिंपळावरचं मोहोळ

देवासच्या बायपासलगत मेधाची कॉलनी. तिथं मुलांना खेळायला जागा अशी नव्हतीच. गेल्या वर्षी टेकडीच्या पायथ्याशी बाग झाली आणि तेव्हापासून मेधाची चार वर्षांची चिऊ रोज संध्याकाळी बूट हातात घेऊन दाराशी उभी राहू लागली. बाग तशी साधीच होती. एक घसरगुंडी, दोन झोके, मुलांना आरपार रांगता यावं म्हणून जमिनीवर आडवे ठेवून रंगवलेले सिमेंटचे मोठे पाइप, पाण्याच्या पंपाची एक खोली, आणि त्या खोलीपासून टेकडीवर चढत जाणारी पायवाट. पायवाटेच्या तोंडाशी हिंदीत पाटी होती, ‘नेचर ट्रेल’. झाडांनाही हिंदीत नावं लावली होती. मेधा ती चिऊला भराभरा वाचून दाखवायची. मराठी वाचताना मात्र ती अजून अडखळत असे, कारण तिची सगळी शाळा हिंदीत झाली होती.

तिच्या सासूबाई, विद्युल्लताबाई, पूर्वी धारला मुलींच्या शाळेत गणित शिकवत. सासरे गेल्यावर त्या देवासला मुलाकडे आल्या. गुडघ्यांनी त्यांना बेजार केलं होतं, त्यामुळे त्या घराबाहेर पडायच्या नाहीत. मेधाचा नवरा अजेय पीथमपूरच्या कारखान्यात होता आणि महिन्यातले दोन रविवार तरी त्याची ड्युटी लागायचीच. म्हणून त्या रविवारी मेधानंच सासूबाईंना आग्रह केला.

“आई, चला ना. पायवाट वरपर्यंत बांधून झालीय, सगळी कॉलनी येणार आहे. दाल-बाफल्यांचं जेवण आहे. तुम्ही नुसतं बाकावर बसा.”

“माझ्यामुळे तुमचा खोळंबा व्हायचा,” असं म्हणत विद्युल्लताबाई जपून ठेवलेली आपली जांभळी साडी नेसून तयार झाल्या.

माघातली सकाळ होती. उन्हाला धार नव्हती. बागेच्या कडेला जुना पिंपळ होता आणि त्याच्याच खाली गोवऱ्या रचून बाफल्यांचे कणकेचे गोळे भाजायला अंगार पेटवायचं चाललं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी गोपाळराव गळ्यात उपरणं अडकवून सगळ्यांना कामाला लावत होते. विद्युल्लताबाईंनी चष्मा सावरून वर पाहिलं. मोठ्या फांदीच्या खालच्या अंगाला सुपाएवढं काळं काहीतरी लोंबत होतं, आणि त्याच्यावरून मधूनच थरथरल्यासारखी एक लाट जात होती.

“अहो गोपाळराव, वर मोहोळ आहे. आग्या मोहोळ दिसतंय. धूर लागेल त्याला.”

“काकू, ते दिवाळीपासून आहे,” गोपाळराव हसत म्हणाले. “किसी को कुछ नहीं करता. आणि हवा तिकडं चाललीय बघा, रस्त्याकडं. तुम्ही आरामात बसा.”

हवा खरोखरच रस्त्याकडं चालली होती. मेधानंही वर पाहिलं. अंगार दुसरीकडं हलवा म्हणावं, असं तिच्या मनात येऊन गेलं, पण चार माणसांत कशाला उगीच भित्रेपणा दाखवायचा. तिनं सासूबाईंना झोक्यांपलीकडच्या बाकावर बसवलं, त्यांची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि चिऊचा हात धरून ती पायवाटेकडे निघाली. तिच्याबरोबर शेजारच्या ब्लॉकमधली नीतू होती. नीतूची सहा महिन्यांची मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती. तिचा नवरा भूपेंद्र दही आणायला मोटरसायकल घेऊन गावात गेला होता. दोघींचं चांगलं जमायचं. भाजी एकत्र, मुलींचे डॉक्टर एक, कुणाच्या घरी पाहुणे आले तर दुसरीच्या घरून खुर्च्या.

वरच्या वळणापर्यंत त्या गेल्या असतील नसतील, तोच चिऊला तहान लागली. पाण्याची बाटली खाली राहिली होती. “चल, परत जाऊ,” मेधा म्हणाली आणि त्या उतरू लागल्या. पंपाच्या खोलीपाशी पोचतात तोवर नीतू थांबली.

“भाभी, हवा पलट गयी.”

गोवऱ्यांचा दाट पांढरा धूर सरळ उभा राहून पिंपळात शिरत होता.

आधी आवाज आला. दूर कुठंतरी पिठाची गिरणी सुरू व्हावी तसा. मग पिंपळाखालच्या माणसांपैकी एकानं मानेवर चापट मारली, दुसऱ्यानं हात झाडले, आणि एकाएकी ती सगळी माणसं अंगात आल्यासारखी हात हवेत फिरवत पळत सुटली. एक परात घणघणत लवंडली. “भागो! भागो रे!” कुणीतरी ओरडलं. फांदीवरचं ते काळं सूप फाटलं आणि त्यातून काळा धुरळा उठून बागभर पसरला.

मेधानं चिऊला उचललं. मानेवर काहीतरी तापलेल्या सुईसारखं घुसलं, मग कानामागं. तिला झोक्यांपलीकडचा बाक दिसला. विद्युल्लताबाई उठून उभ्या होत्या, एक हात बाकाच्या पाठीवर, दुसरा वर केलेला. ‘जा’ म्हणतायत, असं मेधाला वाटलं. मधलं सगळं मैदान माशांनी भरलं होतं. चिऊ किंचाळली, तिच्या गालावर एक माशी चिकटली होती. मेधा वळली आणि पंपाच्या खोलीत शिरली. तिच्या पाठोपाठ नीतू आत आली. तिनं पत्र्याचं दार ओढलं, कडी घातली आणि ओढणी काढून दाराखालच्या फटीत कोंबली.

आत अंधार होता. जुन्या ऑइलचा वास होता. चार-पाच माशा त्यांच्याबरोबर आत आल्या होत्या. मेधानं मोबाइलचा उजेड पाडला आणि दोघींनी चपलांनी त्या एकेक करून मारल्या. चिऊचा गाल सुजायला लागला होता. मेधानं नखानं काटा काढला. पोर हमसून हमसून रडत होती. नीतूची मुलगी मात्र जागी होऊन टकामका उजेडाकडे बघत होती. तिला एकही माशी चावली नव्हती.

बाहेरून पत्र्यावर टप टप आवाज येत होता. कुणी मूठभर ज्वारी फेकून मारावी तसा.

“आई बाहेर आहेत,” मेधा म्हणाली.

“किसी ने ले लिया होगा त्यांना. एवढी माणसं आहेत.”

“त्यांना पळता येत नाही, नीतू.”

मेधानं सासूबाईंना फोन लावला. घंटी तिच्याच खांद्यावरच्या पिशवीत वाजली. ती दचकली आणि मग तिला रडू फुटलं. तिनं अजेयला लावला. कारखान्याच्या गोंगाटात त्याला आधी काही कळेना.

“आई कुठं आहे?” तो सारखं तेच विचारत होता. “मेधा, आई कुठं आहे?”

“बाहेर.”

“बाहेर म्हणजे?”

“बाकावर होत्या. मी चिऊला घेऊन आत आले.”

 “मी फायर ब्रिगेडला लावतो, अँब्युलन्सला लावतो, निघतोच मी,” असं काहीतरी तो म्हणाला आणि फोन बंद झाला. पीथमपूरहून यायला त्याला किती वेळ लागेल ते दोघांनाही ठाऊक होतं.

मेधानं कडीला हात घातला. नीतूनं तिचं मनगट धरलं.

“नको, भाभी. दरवाज़ा मत खोलना.”

“मला जाऊ दे.”

“माझ्या छोटीला बघ. एवढुशी आहे. दहा माशा आत आल्या तरी ती मरेल. मैं नहीं खोलने दूँगी. काय वाटेल ते म्हण मला.”

नीतूची पकड घट्ट होती. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि मुलीला तिनं छातीशी इतकं आवळलं की ती पोर कुरकुरली. मेधानं कडी सोडली. त्या क्षणी तिला हायसं वाटलं. जायचं नाही, जाता येणार नाही, नीतूच सोडत नाहीये. हे हायसं वाटणं तिच्या इतकं लख्ख ध्यानात आलं की ती स्वतःलाच घाबरली. ती भिंतीशी बसली, चिऊला मांडीवर घेतलं आणि बाहेरचे आवाज ऐकू लागली. माणसांची ओरड रस्त्याकडं लांब गेली होती. आता नुसती घूं घूं, आणि मधून पत्र्यावर टप, टप.

मग हाक आली. बारीक, पण ओळखू येणारी.

“चिऊ… ए चिऊ…”

चिऊनं मान वर केली. “आजी.”

मदतीला या, असं त्या म्हणत नव्हत्या. नात कुठं आहे तेवढंच त्या शोधत होत्या. पुन्हा एकदा हाक आली, आधीपेक्षा तुटक, आणि मग आली नाही.

मेधा उठली. पंपावर धूळ बसू नये म्हणून कुणीतरी जुना फ्लेक्स टाकला होता, गेल्या गणेशोत्सवाचा. तो तिनं ओढून काढला, डोक्यावरून अंगभर लपेटला. आपली ओढणी तोंडाला गच्च बांधली, डोळ्यांपुरती फट ठेवून. गाठ दोनदा सुटली, तिनं ती पुन्हा आवळली.

“नीतू, चिऊला घे.”

 नीतूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज कोरडा होता.

“एकदाच उघडीन. तू परत आलीस, दार वाजवलंस, तरी नाही उघडणार. समझ ले.”

“समजलं.”

चिऊनं आईचा कुडता दोन्ही मुठींत धरला होता. एकेक बोट सोडवावं लागलं. “मम्मी नको ना, मम्मी नको ना,” ती ओरडत होती, आणि नीतूनं तिला एका हातानं मागं ओढलं. दार वीतभर उघडलं. मेधा अंग तिरकं करून बाहेर पडली आणि मागं कडी पडल्याचं तिनं ऐकलं.

बाहेर ऊन तसंच कोवळं होतं. एक झोका अजून हलत होता. मैदानात चपला, पत्रावळी, कुणाची तरी ओढणी पडली होती, आणि गोवऱ्या धुमसत होत्या. पळायचं नाही, तिनं मनाशी घोकलं, हात हलवायचे नाहीत. पण पाय आपोआप भरभर पडायला लागले. फ्लेक्सवर गारा पडाव्या तशा माशा येऊन आपटत होत्या. एक भुवईवर चावली, दोन पायाच्या घोट्याला. तिनं दात आवळले. हाक मारायला तोंड उघडायची तिची छाती होईना.

बाकावर कुणी नव्हतं. बाकाखालीही नव्हतं.  मेधानं फटीतून चहूकडे पाहिलं, आणि निळ्या रंगाच्या पाइपातून जांभळ्या साडीचं टोक बाहेर आलेलं तिला दिसलं.

ज्यांना देवघरात खाली बसायला दोन माणसांचा हात लागायचा, त्या विद्युल्लताबाई गुडघ्यांवर रांगत तिथवर गेल्या होत्या.

मेधा पाइपात शिरली. आतही माशा होत्या, पण थोड्या. विद्युल्लताबाई कुशीवर पडल्या होत्या, पदर तोंडावर गच्च धरून. त्यांच्या पांढऱ्या केसांत माशा अडकून वळवळत होत्या. मेधानं पलीकडच्या तोंडाला फ्लेक्सचं एक टोक कोंबलं, बाकीचा दोघींच्या अंगावरून ओढून अलीकडच्या तोंडाशी पायांनी दाबून धरला. अंधार झाला. आत अडकलेल्या माशा तिनं तळव्यांनी चिरडल्या. प्रत्येक माशीगणिक हाताची आग होत होती.

“कोण?”

“मी, आई. मेधा.”

“चिऊ?”

“आत आहे. नीतूजवळ. ठीक आहे ती.”

विद्युल्लताबाईंनी पदर बाजूला केला. मेधानं मोबाइलचा उजेड जरासा पाडला आणि लगेच बंद केला. चेहरा चेहऱ्यासारखा राहिला नव्हता. डोळे मिटून गेले होते, ओठ उलटे झाले होते.

“तुम्ही हात केलात ना मला?” मेधानं विचारलं. तिला ते विचारल्यावाचून राहवेना. “जा म्हणून?”

“थांब म्हणत होते गं,” विद्युल्लताबाई म्हणाल्या. शब्द जाड येत होते. “भ्याले होते फार. थांब म्हणत होते… बरं झालं गेलीस. पोर होती हातात.”

 मेधानं त्यांचा हात धरला. तो फुगून गरम झाला होता.

थोड्या वेळानं विद्युल्लताबाईंचा श्वास वाजायला लागला. आत घेताना शीळ घातल्यासारखा.  मेधाला बाहेरच्या माशांपेक्षा आता या आवाजाची भीती वाटू लागली. “आई, झोपायचं नाही. बोला माझ्याशी.”

“काय बोलू?”

“काहीही. पाढे म्हणा. सतराचा म्हणा.”

“तुला येतो का?”

“मला हिंदीत येतो. तुम्ही मराठीत म्हणा.”

“सतरा एके सतरा,” विद्युल्लताबाईंनी सुरुवात केली. “सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक… एक्कावन्न.” मध्ये शीळ. “सतरा चोक अडुसष्ट.”

“पुढं.”

“सतरा पंचे पंच्याऐंशी.”

“पुढं, आई.”

पुढं काही आलं नाही. मेधानं त्यांना हलवलं. हाक मारली. मग स्वतःच सुरुवात केली, “सतरा एके सतरा,” मोठ्यांदा, चुकत, हिंदी-मराठी मिसळत, दर ओळीनंतर थांबून त्यांच्या तोंडाशी कान नेत. शीळ होती. बारीक, पण होती. ती शीळ थांबली तर आपण काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं. पाइपावर माशा आपटत होत्या. तिला वाटलं, आपण दोघी इथंच मरणार, आणि चिऊ त्या अंधाऱ्या खोलीत कडीकडे बघत बसणार.

अखेरीस सायरन ऐकू आला. पाण्याचा जोराचा फवारा पाइपावर बसला, ओला धूर आत आला, आणि तोंडाला ब्लँकेट गुंडाळलेल्या दोघा माणसांनी फ्लेक्स ओढला. मेधा तो सोडेना. “छोड़ो बहनजी, छोड़ो, हम हैं,” ते म्हणत होते. तिच्या मुठी त्यांना उघडाव्या लागल्या.

अजेय पोचला तेव्हा आई अतिदक्षता विभागात होती. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर गळा पूर्ण मिटला असता. आता दोन दिवस मूत्रपिंडाकडं लक्ष ठेवावं लागेल. नर्सनं चिमट्यानं काढलेले काटे एका ताटलीत ठेवले होते. अजेयनं त्या ताटलीकडे पाहिलं आणि तो बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. गोपाळरावांना इंदूरला हलवलं होतं. ते अंगाराच्या सगळ्यांत जवळ होते. तेही पुढं बरे झाले, पण त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं आणि त्या दिवसाविषयी ते कुणाशीच बोलत नाहीत.

विद्युल्लताबाई घरी आल्या त्या चेहऱ्यावर काळे-निळे डाग घेऊन. एक डोळा अजून अर्धाच उघडत होता. चिऊनं त्यांना दारात पाहिलं आणि ती पलंगाखाली जाऊन बसली. “ही आजी नाहीये,” असं तिनं आतूनच सांगितलं. दोन दिवस ती त्यांच्या खोलीत गेली नाही. विद्युल्लताबाईंनी तिला बोलावलंही नाही. त्या आपल्या पलंगावर बसून जुन्या सवयीनं मटार सोलत, आणि सोललेले दाणे वाटीत घालून वाटी उंबऱ्याशी ठेवत. तिसऱ्या दिवशी वाटी रिकामी झाली. चौथ्या दिवशी चिऊ उंबऱ्यावर बसून खाऊ लागली. मग एका दुपारी तिनं जवळ येऊन विचारलं, “आजी, दुखतं का?” आणि उत्तराची वाट न बघता त्यांच्या मांडीत शिरली.

मेधाला रात्री झोप लागत नव्हती. पंख्याचा आवाज आला की ती बंद करायला उठे. आपल्याला त्या अंधारात हायसं वाटलं होतं, हे तिनं अजेयला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? शेवटी ती गेली होती, लोक तिचं कौतुक करत होते. पण कौतुक सुरू झालं की ती उठून स्वयंपाकघरात जाई.

नीतू आली ती पंधरवड्यानं. बेल वाजली नाही. मेधा कचरा ठेवायला बाहेर गेली तेव्हा ती जिन्यात उभी असलेली दिसली, मुलीला कडेवर घेऊन. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. 

“मी खोललं नसतं,” नीतू म्हणाली. “तू वाजवलं असतंस तरी. सच में नहीं खोलती. रोज वही सोचती हूँ.”

“माहीत आहे मला,” मेधा म्हणाली. तिला आणखी काहीतरी म्हणायचं होतं. ‘तू हात धरलास तेव्हा मला बरं वाटलं होतं.’ ते तोंडापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

आतून विद्युल्लताबाईंची हाक आली. “कोण आहे गं? नीतू का? अगं, जिन्यात काय उभी? पोरीला इकडं आण बघू. केवढी झाली?”

नीतू आत आली आणि अंग चोरून बसली. विद्युल्लताबाईंनी सुजलेल्या हातांनी मुलगी घेतली. मुलगी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायला लागली. तिला भीती वाटली नाही. मेधानं चहा टाकला. शेजारच्या घरात कुणीतरी मिक्सर लावला, घूं करून. मेधाच्या हातातली चमचाभर साखर ओट्यावर सांडली. तिनं वळून पाहिलं तर बाहेरच्या खोलीत नीतू ताडकन उठून उभी राहिली होती, मुलीकडे हात पुढं करून.

मिक्सर थांबला. नीतू परत बसली.

“आलं जास्त घाल,” विद्युल्लताबाई म्हणाल्या.